रविवारचा प्रोग्रॅमिंग क्लास, विश्रामबाग (सांगली): लॅब उत्तम, निकाल घाईचे

साडेसहा हजार फी भरली, त्यातले पाच हजार वसूल झाले असं मी धरते. उरलेल्या दीड हजाराबद्दल सविस्तर लिहायचंय.

आठ रविवार, सकाळी दहा ते एक. विषय प्रोग्रॅमिंग भाषा आणि त्यांची मेमरी सांभाळायची पद्धत. सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, गो आणि रस्ट, सगळ्यांना थोडा थोडा हात लावतात. क्लासचं नाव लिहीत नाही. सर मनाने चांगले आहेत, त्यांच्याशी माझं समोरासमोर बोलणं झालंय, आणि मला जे खटकलं ते मी इतरांच्या तोंडूनही पुष्कळदा ऐकलंय.

मी कोण हे सांगितलं नाही तर पुढचं पटणार नाही. कुपवाडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी अकरा वर्षं काम करते. भुईकाट्याला जोडायचे मोठे डिस्प्ले आम्ही बनवतो. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची ट्रॉली चढली की बाहेर लाल आकड्यांत वजन दिसतं, ते. त्याच्या आतला प्रोग्रॅम मी लिहिते. चार वर्षांपूर्वीच्या गळीत हंगामात, जानेवारीत, रात्री अडीच वाजता मला फोन आला. काट्यावर दुसरी ट्रॉली चढली तरी बाहेर आकडा पहिल्या ट्रॉलीचाच. केबिनमधल्या कॉम्प्युटरवर वजन बरोबर होतं, पावतीही बरोबर निघत होती. पण बाहेर थंडीत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आतलं काय दिसणार? त्याला बाहेरचा आकडा वेगळा आणि हातातल्या पावतीवरचा वेगळा दिसला. आपल्याकडे याला एकच शब्द आहे, काटामारी. आरडाओरडा झाला, काटा थांबला, रांग गेटाबाहेर रस्त्यावर गेली. तोडलेला ऊस रांगेत उभा राहिला की वाळतो, वजन घटतं, आणि तो तोटा शेतकऱ्याच्याच पदरात पडतो.

चूक माझ्या प्रोग्रॅमची होती. चिपमध्ये रॅम 2 केबी, म्हणजे 2,048 बाइट. अक्षरं जोडायला मी अर्डुइनो या छोट्या बोर्डाबरोबर येणारी तयार स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, वापरली होती. ती हीपवर, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना लागेल तशी मागून घ्यायच्या मेमरीत, जागा मागते, वापरते, सोडते. कधी पाच अंकी वजन, कधी गाडीचा नंबर, कधी 'थांबा' असा संदेश. असे लहानमोठे तुकडे घेता-सोडता मधेमधे भोकं पडत गेली. सगळी मिळून जागा शिल्लक होती, सलग मात्र उरली नव्हती. मग नवीन अक्षरं जोडायची मागणी नुसतीच फसायची, कुठे काही एरर नाही, आणि डिस्प्लेवर जुनाच आकडा. वर्कशॉपच्या टेबलावर तासभर चालवलं तर सगळं ठीक. काट्यावर तिसऱ्या दिवशी बिघाड. दुरुस्ती म्हणून प्रोग्रॅम सुरू होतानाच 32 अक्षरांची एक पक्की जागा राखून ठेवली, आणि त्यानंतर हीपकडे काही मागायचंच नाही असं ठरवलं. पुढे कळलं की नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या जेरार्ड होल्झमन यांनी 2006 साली महत्त्वाच्या प्रोग्रॅमसाठी जे दहा नियम मांडले, त्यांतला एक हाच आहे. सुरुवातीची जुळवाजुळव झाली की नंतर मेमरी मागायची नाही.

त्या रात्रीनंतर मेमरीबद्दल जे मिळेल ते मी वाचत आले. म्हणून या क्लासला गेले. बॅचमध्ये सव्वीस जण, बहुतेक डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची पोरं. मी सगळ्यांत मोठी, त्यामुळे पहिल्याच दिवशी सगळ्यांची ताई झाले.

आधी चांगलं सांगते, आणि ते भरपूर आहे. दुसऱ्या रविवारी सरांनी मेमरी मंगल कार्यालयाच्या भांड्यांवरून समजावली, ते मी कधी विसरणार नाही. भांडी भाड्याने आणली आणि परत केलीच नाहीत, तर तो लीक. एकच पातेलं दोनदा परत केल्याची नोंद केली, तर पुढचा सगळा हिशोब बिघडला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पातेलं परत गेलंय, पण तुमच्या यादीत ते अजून आहे. तुम्ही आचाऱ्याला सांगता, आमटी त्या पातेल्यात ओता. ते पातेलं तर आता दुसऱ्याच्या लग्नात बासुंदीने भरलंय. सोडून दिलेल्या मेमरीला हात लावणं म्हणजे काय, हे सव्वीसच्या सव्वीस जणांना एका फटक्यात कळलं. मग रस्टची ओनरशिप, म्हणजे मेमरीची मालकी, त्यांनी याच वहीतून दाखवली. वहीत मालक एकच. उसनं कुणीही न्यावं, पण मालकाचा मांडव उठायच्या आत परत आलं पाहिजे, आणि एखाद्याने पातेल्यात काही शिजवायला घेतलं असेल तर त्या वेळी दुसऱ्या कुणी त्यात डोकवायचंही नाही. रस्टमधला बॉरो चेकर नावाचा तपासनीस हे सगळं प्रोग्रॅम चालायच्या आधीच, कंपाइल होताना (म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरताना) तपासतो. इतकं स्वच्छ मी कुठेच ऐकलं नव्हतं.

चौथ्या रविवारची लॅबही तशीच. सीमधले सहा बिघडलेले प्रोग्रॅम दिले, मेमरीच्या चुका पकडणारं ॲड्रेस सॅनिटायझर लावून कंपाइल करायला सांगितलं, आणि कुठल्या ओळीत मेमरी सुटली, कुठल्या ओळीत परत वापरली हे प्रत्येकाने शोधायचं. सर प्रत्येकाच्या मशीनपाशी जाऊन उभे राहत होते. उत्तर स्वतः सांगत नव्हते. 2014 साली उघडकीला आलेलं हार्टब्लीड नावाचं भगदाड त्यांनी फळ्यावर चित्र काढून शिकवलं. इंटरनेटवरचं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता तेवढी मेमरी परत पाठवली जायची, आणि एका वेळेला 64 केबीपर्यंत सर्व्हरच्या पोटातलं बाहेर यायचं. एक तपासणी राहिली होती, बस्स. एवढ्यासाठीच पाच हजार दिले असं मी मनात लिहून टाकलं.

आता दीड हजार.

सरांना भाषांचे निकाल लावायची सवय आहे. 'गार्बेज कलेक्टर आला की भाषा हळू.' 'रस्टमध्ये लीक होऊच शकत नाही.' 'पायथनवाल्याला मेमरी कळायची गरज नाही.' 'सी संपली.' ही वाक्यं ते फळ्यावर चौकटीत लिहितात, आणि पोरं ती मोबाइलवर फोटो काढून ठेवतात. खालचं स्पष्टीकरण मात्र पुसलं जातं.

गार्बेज कलेक्टर म्हणजे वापरात नसलेली मेमरी आपोआप शोधून मोकळी करणारी यंत्रणा. ती हळू, याला सरांनी उदाहरण दिलं डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपचं. उदाहरण खरं आहे. 2020 साली डिस्कॉर्डने आपली एक सेवा गोमधून रस्टमध्ये नेली, कारण दर दोन मिनिटांनी गोचा कलेक्टर जागा व्हायचा आणि तेवढ्यापुरता प्रतिसाद लांबायचा. पण त्या सेवेत लाखो नोंदींचा एक प्रचंड साठा सतत मेमरीत धरलेला होता. कलेक्टरला दरवेळी तो सगळा साठा चाळून कोणती नोंद वापरात आहे हे बघावं लागायचं, आणि टाकायला फार थोडं सापडायचं. अडचण त्या घरातल्या त्या साठ्याची होती. यावरून सरांनी गो, जावा, सगळ्यांना एका ओळीत उभं करून नापास केलं. मी विचारलं, "सर, मेमरी किती दिली होती त्यावर नाही का अवलंबून?" सर म्हणाले, "मॅडम, हळू ते हळूच."

तसं नसतं. 2005 साली मॅथ्यू हर्ट्झ आणि एमरी बर्जर या संशोधकांनी याचं मोजमाप केलं होतं. हाताने मेमरी सोडणाऱ्या प्रोग्रॅमला जेवढी जागा लागते त्याच्या पाचपट जागा कलेक्टरला दिली, तर तो बरोबरीने चालतो. तिप्पट दिली तर सरासरी 17 टक्के मागे पडतो. दुप्पटच दिली तर जवळजवळ 70 टक्के. तोच कलेक्टर, तेच प्रोग्रॅम, फरक जागेचा. अभ्यास जुना आहे, तेव्हापासून कलेक्टर खूप बदललेत. जावाचा झेडजीसी हा कलेक्टर 2020 मध्ये जेडीके 15 या जावाच्या आवृत्तीबरोबर पक्का झाला आणि पुढच्या आवृत्तीत त्याचे थांबे एका मिलिसेकंदाच्या आत आले. पण जागा आणि वेग यांची ती देवाणघेवाण आजही चुकत नाही. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याची बिलं करणाऱ्या कॉम्प्युटरला 8 जीबी रॅम असते आणि बिल निघायला अर्धा सेकंद जास्त लागला तर कुणाचं काही बिघडत नाही. तिथे जावा हळू म्हणून रस्ट शिकून ये, असं मी कुठल्या पोराला सांगू? आणि माझ्या 2 केबीच्या चिपमध्ये कलेक्टर बसवायचा म्हटलं तर पाचपट जागा आणू कुठून? दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि चौकटीत त्यातलं एकही मावत नाही.

नोट्सचं 31 वं पान तर सरळ चूक आहे. 'गार्बेज कलेक्शन 1995 मध्ये जावाने आणलं' असं छापलंय. जॉन मॅकार्थी यांनी त्यांच्या लिस्प या भाषेसाठी ते 1960 च्या सुमारासच मांडलं होतं. सी भाषा त्यानंतर दहा-बारा वर्षांनी आली. हे मी सांगितलं तेव्हा सरांनी वहीत टिपून घेतलं, याचं मला बरं वाटलं.

त्याच पानावर भाषांचे तीन कप्पे पाडलेत: हाताने मेमरी सांभाळणाऱ्या, कलेक्टरवाल्या, आणि एकटं रस्ट. यात आयफोनची स्विफ्ट कुठे ठेवायची? तिला फिरता कलेक्टर नाही. एखाद्या वस्तूला किती जणांनी धरलंय याची मोजणी ठेवणारा कोड कंपायलर स्वतः घालतो, आणि मोजणी शून्य झाली की जागा तिथल्या तिथे सुटते. पायथनही मुख्यतः मोजणीवरच चालते. एकमेकांना धरून बसलेल्या वस्तूंच्या साखळ्या मोडायला तिला वेगळा कलेक्टर जोडलाय, म्हणजे ती दोन कप्प्यांत. सी प्लस प्लसला सरांनी सीच्याच पोत्यात घातलं. 2011 च्या प्रमाणित आवृत्तीपासून तिच्यात मालकी सांभाळणारे पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणारे) आहेत, जे आपलं काम संपलं की स्वतः जागा सोडतात. रस्टचा धाक त्यांना नाही हे खरं, कंपायलर चूक करणाऱ्याचा हात धरत नाही. पण सी आणि ते एक नव्हे.

पाचव्या रविवारी रस्ट. 'लीक होऊच शकत नाही' ही चौकट फळ्यावर आली आणि मला गप्प बसवेना. मधल्या सुट्टीत वीसेक ओळी लिहिल्या. रस्टमधले आरसी नावाचे मोजणीवाले दोन पॉइंटर, एकाने दुसऱ्याला धरलंय, दुसऱ्याने पहिल्याला. बाहेरून दोघांनाही सोडून दिलं तरी दोघांची मोजणी एकवरच अडकते, शून्यावर येतच नाही. हे एका लूपमध्ये टाकलं आणि टास्क मॅनेजर उघडून ठेवला. मेमरीची रेघ वर वर चढत गेली. मागे सात-आठ पोरं जमली. कुठेही रस्टची तपासणी सैल करणारा अनसेफ हा शब्द लिहिलेला नव्हता, कंपायलरने एकही तक्रार केली नव्हती. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "हे मुद्दाम केलंय." मुद्दाम केलंच होतं. पण एखाद्या झाडासारख्या रचनेत पोराने आईला धरलं आणि आईने पोराला, की हेच नकळत होतं. म्हणून तर रस्टने वीक नावाचा वेगळा पॉइंटर दिलाय. रस्ट बनवणाऱ्यांनीही स्वतःच्या पुस्तकात हे उघड सांगितलंय. त्यांचा शब्द आहे मेमरीच्या सुरक्षिततेचा. सोडलेल्या पातेल्यात आमटी ओतली जाणार नाही, हा. भांडी कधीच अडकून पडणार नाहीत, असं वचन त्यांनी दिलेलंच नाही. मला रस्ट मनापासून आवडली. जी भाषा स्वतःची मर्यादा इतकी प्रामाणिकपणे सांगते, तिच्या नावावर दुसऱ्यांनी खोटी वचनं का चिकटवावीत?

पायथनबद्दलची चौकट मला सर्वांत जास्त लागली, कारण तिची किंमत मी मोजली आहे. काट्याच्या केबिनमधला आमचा प्रोग्रॅम पायथनमध्ये आहे. एका हंगामात त्यात आलेखासाठी म्हणून प्रत्येक वाचन एका यादीत ठेवलं, वेळ आणि वजन. सेकंदाला दहा वाचनं. दिवसाला 8,64,000 नोंदी. आठव्या दिवशी जवळजवळ 70 लाख. एका नोंदीला शंभर-सव्वाशे बाइट जातात, म्हणजे पाऊण जीबी, आणि केबिनमधल्या मशीनला रॅमच 2 जीबी. पावती निघायला आधी दोन सेकंद लागायचे, मग वीस. कलेक्टर बिचारा काय करणार? ती यादी माझ्याच प्रोग्रॅमने धरून ठेवली होती, त्याच्या दृष्टीने ती सगळी वापरातली होती. शेवटची 600 वाचनं ठेवायची, जुनं टाकायचं, असं केलं आणि प्रश्न मिटला. मोठ्यांनाही हे चुकत नाही. इन्स्टाग्रामच्या इंजिनिअरांनी 2017 मध्ये आपल्या पायथन सर्व्हरवरचा तो साखळ्या मोडणारा कलेक्टरच बंद केला आणि सर्व्हर 10 टक्के अधिक कार्यक्षम चालायला लागले, असं त्यांनी लिहिलंय. मेमरी कळल्याशिवाय हा निर्णय घेता येईल का?

सत्तर टक्क्यांचंही असंच झालं. 'सीमधल्या 70 टक्के चुका मेमरीच्या' असं सर म्हणाले. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये सांगितलेला आकडा त्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या भगदाडांचा आहे, क्रोमचा 2020 मधला आकडा गंभीर सुरक्षा-चुकांचा. सगळ्या चुकांचा नाही. आहे तसा सांगितला तरी तो अंगावर काटा आणणारा आकडा आहे, त्याला फुगवायची गरज नव्हती. अँड्रॉइडमध्ये नवा कोड सुरक्षित भाषांत लिहायला लागल्यावर मेमरीच्या भगदाडांचं प्रमाण 2019 मधल्या 76 टक्क्यांवरून 2022 मध्ये 35 टक्क्यांवर आलं, हे सरांच्या बाजूचं सर्वांत भक्कम उदाहरण, आणि नोट्समध्ये तेच नाही. त्याच्या शेजारी डिसेंबर 2021 मधलं लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं भगदाडही हवं होतं. ते जावात होतं, मेमरी शाबूत होती, आणि तरी नोंदवहीत एक ओळ लिहायला लावून सर्व्हर ताब्यात घेता येत होता.

सातव्या रविवारी 'सी संपली' आलं. जतकडचा एक मुलगा माझ्या शेजारी बसायचा. दर रविवारी पहाटेची एसटी धरून येणारा, फी तीन हप्त्यांत भरलेली. त्याने हळूच विचारलं, "ताई, मग सी सोडून देऊ काय? पुढच्या सेमला पेपर हाय." त्याच दिवशी त्याने माझ्यासमोर पायथन चालवली होती, जी स्वतः सीमध्ये लिहिलेली आहे. तो ज्या लिनक्सवर बसला होता त्याचा गाभा सीमध्ये आहे. डिसेंबर 2022 च्या 6.1 आवृत्तीपासून त्यात रस्टला जागा मिळाली, ती सीच्या शेजारी. नवा प्रोग्रॅम नेटवर उघडा पडणार असेल तर सी टाळ, हे मीही सांगेन. संपली, हे कुणाला सांगणार नाही.

क्लास सुटल्यावर मी सरांशी बोलले. ते म्हणाले, नवख्यांना एवढे पदर सांगितले तर गोंधळ होतो, एक वाक्य लक्षात राहतं. त्यांचं पोरांवर प्रेम आहे, हे मला आठ रविवार दिसलंय. पण मला हे पटत नाही. त्या मुलाला मी पुढच्या शनिवारी कुपवाडला बोलावलं, जुनी चिप आणि माझा जुना चुकीचा प्रोग्रॅम दिला. रात्रभर चालवून त्याने मोकळ्या जागेचे आकडे कागदावर मांडले आणि म्हणाला, "म्हणजे टँकर कवा येणार ते बघून पाणी वापरायचं, तसंच की ताई." गोंधळ कुठे झाला?

नव्या बॅचला जाणाऱ्यांसाठी. दुसरा आणि चौथा रविवार काही झालं तरी चुकवू नका. मशीन 22 आहेत, तीन बंद असतात, स्वतःचा लॅपटॉप न्या. इन्व्हर्टर फक्त पंख्यांना आहे. चहा खाली मिळतो, सव्वाअकराच्या सुट्टीत गर्दी होते. फी हप्त्याने घेतात, विचारावं लागतं. 31 वं पान बदललंय का बघा. आणि फळ्यावर चौकट आली की हात वर करून विचारा, 'सर, रॅम किती, आणि थांबायला वेळ किती?' सर रागवत नाहीत.